पद सोडलं म्हणजे जबाबदारी घेतली का?

साशंक : कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीनामा जाहीर केला. तुमचं म्हणणं असं, की ख्रिस्ती पुढाऱ्याने वागावं तर असं वागावं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायचं तर प्रकरण पहिल्यापासून सांगावं लागेल. जॉन स्माइथ हा इंग्लंडमधला नावाजलेला बॅरिस्टर. डॉर्सेटमध्ये इवर्न इथे भरणाऱ्या ख्रिस्ती शिबिरांचा तो कर्ताधर्ता होता. तिथे यायची ती बड्या खासगी शाळांतली मुलं. उद्या समाजाची सूत्रं यांच्याच हाती जाणार, तेव्हा यांनाच आधी प्रभूकडे वळवावं, हा त्या शिबिरांमागचा विचार. यातल्या काही मुलांना स्माइथ विंचेस्टरच्या आपल्या घरी बोलवायचा आणि बागेतल्या एका खोपटात वेताने मारायचा, रक्त येईपर्यंत. आवाज बाहेर जाऊ नये अशी त्या खोपटाची व्यवस्था केलेली होती. मार कशासाठी, तर पापाचं प्रायश्चित्त म्हणून. मुलं सोसायची, कारण सांगणारा बायबलच्या आधाराने सांगत होता. १९८२ साली एका धर्मगुरूने याचा गुप्त अहवाल लिहिला. मोजक्या लोकांनी तो वाचला, पोलिसांकडे कोणी गेलं नाही. १९८४ साली स्माइथ झिंबाब्वेला गेला आणि तिथे पुन्हा मुलांची शिबिरं भरवू लागला. डिसेंबर १९९२ मध्ये त्याच्या शिबिरात सोळा वर्षांचा एक मुलगा पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. खटला उभा राहिला आणि मध्येच कोसळला. मग स्माइथ दक्षिण आफ्रिकेत गेला. वेल्बींच्या कानावर हे २०१३ साली आलं. चॅनल फोरने ते २०१७ साली जगापुढे आणलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्माइथ केपटाऊनला मेला, कोणत्याही न्यायालयाने दोषी न ठरवता. कीथ मेकिन यांचा चौकशी अहवाल ७ नोव्हेंबर २०२४ ला प्रसिद्ध झाला. त्यात बळींची संख्या शंभराच्या वर आहे, आणि २०१३ मध्येच हे प्रकरण रीतसर पोलिसांकडे द्यायला हवं होतं, देता आलं असतं, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्यानंतर पाच दिवसांनी राजीनामा आला. एवढ्या वर्षांनी, आणि तोही चौफेर मागणी झाल्यावर. याला मी जबाबदारी कशी म्हणू?

भाविक : तुमचा तपशील मला मान्य आहे, तरीही दोन गोष्टी सांगतो. वेल्बींनी कोणाला मारलं नाही. तरुणपणी ते त्या शिबिरांत काम करत होते, स्माइथला ओळखत होते, पण हे प्रकार माहीत नव्हते असं ते सांगत आले आहेत. २०१३ मध्ये कळलं तेव्हा पोलिसांना कळवलं आहे असं त्यांना सांगण्यात आलं, आणि पुढचं योग्य रीतीने होईल असं ते धरून चालले. ते चुकीचं होतं हे त्यांनी राजीनाम्याच्या निवेदनात लिहिलं. दुसरी गोष्ट, पुढाऱ्याची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या हातून घडलेल्या कृत्यापुरती नसते. १९५६ साली अरियालूरला रेल्वेचा भीषण अपघात झाला. शास्त्रीजींनी काही गाडी चालवली नव्हती, तरी त्यांनी मंत्रिपद सोडलं आणि आपण आजही त्यांचं नाव आदराने घेतो. नैतिक जबाबदारी हा शब्द या देशात त्यांच्यामुळे जिवंत आहे. मग एका आर्चबिशपाने तेच केलं तर त्याला कमी का लेखायचं? ज्या गादीवर बसलेल्या माणसाला खाली उतरवण्याची कोणाची छाती होत नव्हती, तिथून एक जण अशा कारणासाठी उतरला. पुढच्या प्रत्येक बिशपाला आता ठाऊक आहे की आपल्यावरही ही वेळ येऊ शकते.

साशंक : शास्त्रीजींचं उदाहरण इथे लागू पडत नाही. ज्याला व्यक्तिशः काही कळलं नव्हतं, त्याने पदाची जबाबदारी म्हणून खुर्ची सोडणं, हे मोठेपण. ज्याच्यापर्यंत बातमी पोहोचली होती त्याने पदाच्या जबाबदारीची भाषा करणं, हे मला वेगळं वाटतं. त्यात स्वतःचा वाटा संस्थेच्या वाट्यात मिसळून जातो. डिसेंबर २०२४ मध्ये वेल्बी लॉर्ड्सच्या सभागृहात बोलले. व्यक्तिशः दोष असो वा नसो, अशा वेळी कोणाचं तरी डोकं जावं लागतं, असा त्यांचा सूर होता. आणि १३८१ च्या बंडात ज्यांचा खरोखरच शिरच्छेद झाला त्या आपल्या एका पूर्वसुरीचा त्यांनी हलक्याफुलक्या ढंगात उल्लेख केला. सभागृहात हशा पिकला. ज्यांच्या पाठीवर स्माइथचे वळ उमटले होते त्यांनी तो हशा ऐकला. पुढे वेल्बींनी माफी मागितली, तेही खरं. पण त्या भाषणात मला एक गोष्ट लख्ख दिसली. त्यांच्या लेखी ही गोष्ट एका पुढाऱ्याच्या पडण्याची होती. ती त्या मुलांची गोष्ट होती हे त्या घटकेला त्यांच्या ध्यानात नव्हतं.

आणि हाच माणूस १० सप्टेंबर २०१९ रोजी अमृतसरला जालियनवाला बागेत जमिनीवर पालथा पडला होता. मी ते छायाचित्र पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्यांनी केलेल्या पापासाठी इतकं वाकता येतं. मग स्वतःच्या टेबलावर आलेल्या प्रकरणासाठी एक फोन करायला, तो झाला की नाही ते पुन्हा विचारायला काय अडचण होती? इतिहासातल्या पापाची कबुली देताना पुढाऱ्याचं काही जात नाही. उलट त्याची उंची वाढते.

भाविक : इथे मी तुम्हाला अडवतो. जालियनवाला बागेतलं ते साष्टांग पडणं मी इतकं स्वस्त मानत नाही. सरकारच्या वतीने आपण बोलू शकत नाही, हे त्यांनी तिथेच सांगितलं होतं. धर्माचा माणूस म्हणून लाज आणि दुःख व्यक्त करायला ते आले होते. ब्रिटिश सरकारने आजवर रीतसर माफी मागितलेली नाही, त्या पार्श्वभूमीवर हे पाहा. आपल्या धर्मात ही रीत जुनी आहे. नहेम्या यरुशलेमसाठी प्रार्थना करतो तेव्हा वाडवडिलांच्या पापात स्वतःला आणि आपल्या घराण्याला मोजतो. तो तेव्हा तिथे नव्हताच, पण 'त्यांनी केलं' असं म्हणत नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी स्टुटगार्टला अपराधाची कबुली दिली. तिच्यावर मार्टिन नीमोलर यांची सही आहे. हा माणूस हिटलरच्या कैदेत साखसेनहाउझेन आणि डाखाउच्या छावण्यांत सात-आठ वर्षं काढून आलेला. म्हणाला असता की मी तर सोसलं आहे, माझा काय संबंध, तर कोणी बोट दाखवलं नसतं. ते म्हणाले, आपण पुरेसं धैर्य दाखवलं नाही. पुढाऱ्याने स्वतःच्या वाट्यापेक्षा जास्त ओझं उचलावं, ही ख्रिस्ती पुढारपणाची खूणच आहे. वधस्तंभाचा अर्थ दुसरा काय?

साशंक : नीमोलरांचं नाव तुम्ही घेतलंत ते बरं झालं, कारण त्यांच्यामुळेच माझा मुद्दा मला नीट सापडतो. नीमोलर केवळ संस्थेच्या वतीने बोलत नव्हते. सुरुवातीला आपण स्वतः नाझींच्या बाजूने होतो, नंतरही आपल्या चर्चच्या स्वातंत्र्यापुरतेच लढलो, हे ते पुढे आयुष्यभर उघड सांगत राहिले. ती त्यांची स्वतःची, बारीक तपशिलासह दिलेली कबुली होती. पण स्टुटगार्टचं ते निवेदन पाहा. त्यात ज्यू हा शब्द नाही. साठ लाख माणसं मारली गेली होती आणि चर्चच्या पश्चात्तापात त्यांचा नामोल्लेखही आला नाही. सामूहिक कबुलीचा हाच धोका आहे. ती देवापुढे दिली जाते, आणि ज्याला इजा झाली तो बाजूला राहून जातो.

हे आपल्या पवित्र शास्त्रातही आहे, म्हणून मला ते फार टोचतं. दावीद राजाने बथशेबेला आणवलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईच्या तोंडावर पाठवून मारवलं. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावलं तेव्हा दावीद खचला. त्याच्या नावावर असलेलं एक्कावन्नावं स्तोत्र आपण राखेच्या बुधवारी म्हणतो. त्यात तो देवाला सांगतो की मी पाप केलं ते फक्त तुझ्याविरुद्ध. मी ते म्हणता म्हणता दरवेळी अडखळते. उरीया कुठे गेला? त्याच्या घरच्यांपुढे कोण उभं राहिलं?

भाविक : त्या ओळीचा अर्थ इतकाच आहे की माणसाविरुद्ध केलेलं पाप शेवटी देवाविरुद्धच असतं. पण तुमचा प्रश्न मला टाळता येत नाही. मी पाळकाच्या घरात वाढलो. पश्चात्तापाच्या उपासना किती पाहिल्या असतील. कोणी उठून शेजारच्या बाकावरच्या माणसाकडे गेला आणि तुझं हे मी केलं असं म्हणाला, असं क्वचित पाहिलं. ते मान्य. आता माझी बाजू ऐका. पुढाऱ्याला चूक कबूल करण्याची किंमत जर फक्त पद गमावणं हीच असेल, तर तो चूक झाकेल. १९८२ मध्ये झाकलं ते कशामुळे? त्या वेळी माहिती असलेल्या एका धर्मगुरूने पुढे सांगितलं की हे उघड झालं तर देवाच्या कार्याचं फार मोठं नुकसान होईल असं त्याला वाटलं. तो दुष्ट होता असं मला वाटत नाही. कार्याचं नाव निष्कलंक राहिलं पाहिजे, या धाकाने त्याची बुद्धी फिरली. आपण पुढाऱ्यांकडून निष्कलंकपणाची अपेक्षा जितकी वाढवू, तितकं पडद्याआड जास्त जाईल.

म्हणून मला पोप फ्रान्सिस यांचं चिलीमधलं उदाहरण मोलाचं वाटतं. जानेवारी २०१८ मध्ये इकीके इथे पत्रकारांसमोर त्यांनी बिशप हुआन बारोस यांची बाजू घेतली आणि त्यांच्यावरच्या, अत्याचार झाकल्याच्या आरोपांना बदनामी म्हटलं. मग माल्टाचे आर्चबिशप शिक्लूना यांना चौकशीला पाठवलं, अहवाल वाचला, आणि एप्रिलमध्ये चिलीच्या बिशपांना पत्र लिहून आपण परिस्थिती जोखण्यात गंभीर चुका केल्या असं कळवलं. ज्यांना खोटं ठरवलं होतं त्यांतल्या तिघांना व्हॅटिकनमध्ये आपल्या निवासस्थानी बोलावून घेतलं, एकेकाशी स्वतंत्रपणे बोलले, क्षमा मागितली. मे महिन्यात चिलीच्या चौतीस बिशपांनी राजीनामे पुढे केले. बारोस यांचा जूनमध्ये मंजूर झाला. फ्रान्सिस पदावर राहिले म्हणून हे झालं. फेब्रुवारीत राजीनामा देऊन गेले असते, तर त्या तिघांपुढे कोण बसलं असतं?

साशंक : हे उदाहरण माझ्याही मनात होतं, आणि त्याने माझं मत थोडं हललं हे मी कबूल करते. तुम्ही एक दुवा गाळलात. इकीकेच्या त्या बोलण्यानंतर बॉस्टनचे कार्डिनल शॉन ओमॅली यांनी जाहीर निवेदन काढलं की पोपच्या शब्दांनी पीडितांना फार वेदना होणं समजण्यासारखं आहे. स्वतः पोपने नेमलेला माणूस पोपला जाहीरपणे चुकला म्हणाला. नाथान होता म्हणून दावीद वळला. कँटरबरीत २०१३ मध्ये नाथान कोण होता? प्रत्येक जण वरच्याला कळवत होता आणि आपलं काम झालं असं समजत होता. स्थानिक अधिकाऱ्याने बिशपाला सांगितलं, बिशपाने आर्चबिशपांच्या कचेरीत सांगितलं, केपटाऊनला पत्र गेलं. कागद फिरत राहिला. स्माइथच्या दारात मात्र कोणी गेलं नाही.

राहण्याचं मोल तुम्ही सांगितलंत, जाण्याचं पोकळपणही बघा. बॉस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी डिसेंबर २००२ मध्ये राजीनामा दिला. २००४ मध्ये ते रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या महामंदिराचे प्रमुख झाले. आणि वेल्बी गेल्यानंतर तीन महिन्यांत, फेब्रुवारी २०२५ मध्ये, चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मसभेपुढे प्रश्न आला की मुलांच्या सुरक्षेचं सगळं काम पूर्णपणे स्वतंत्र संस्थेकडे द्यायचं का. पीडितांची मागणी तीच होती. सभेने तूर्त मधला मार्ग निवडला. त्याच महिन्यात स्माइथ प्रकरणात दहा धर्मसेवकांवर शिस्तभंगाची कारवाई करण्यासाठी पावलं उचलली गेली, ती मी नाकारत नाही. पण माणूस गेला आणि यंत्रणा बहुतांशी तीच राहिली.

भाविक : धर्मसभा कचरली त्यामागे केवळ स्वार्थ होता असं मला वाटत नाही. आपल्याकडचं चित्र डोळ्यासमोर आणा. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात आपले अँग्लिकन पूर्वजही सामील झाले. त्या नात्याने कँटरबरी आपली परकी नाही. आपल्या खेड्यातल्या मंडळीत पाळक कोण असतो? बाप्तिस्मा तोच देतो, लग्न तोच लावतो, मयतीला तोच उभा राहतो. पोराच्या शाळेच्या दाखल्यापासून सुनेच्या भांडणापर्यंत सगळं त्याच्याकडे येतं. त्याची बदली बिशपच्या सहीने होते. हे सगळं विश्वासावर चालतं. प्रत्येक घरभेटीला साक्षीदार, प्रत्येक संडे स्कूलला नोंदवही, प्रत्येक तक्रारीला बाहेरचा वकील, असं झालं तर मंडळी सुरक्षित होईल. पण ती मंडळी राहील का, ही माझी भीती आहे. आणि अजून एक. स्माइथ हा दीक्षित धर्मगुरू नव्हता, वकील होता. त्या शिबिरांचे विश्वस्त, मुलांचे शिक्षक, काही पालक यांनाही कुणकुण होती. सगळा दोष मुकुट घातलेल्या एका डोक्यावर ठेवला की बाकीच्यांना हात झटकता येतात. तुम्ही पुढाऱ्याला जाब विचारता विचारता नकळत मान्य करता आहात की मंडळीत जबाबदार असा एकच माणूस असतो.

साशंक : हा वार वर्मी बसला. म्हणूनच मला बुलावायोची आठवण येते. झिंबाब्वेतल्या त्या गावच्या काही पाळकांच्या कानावर स्माइथच्या शिबिरांतल्या मारहाणीच्या गोष्टी आल्या. त्यांच्याकडे ना कँटरबरीची गादी होती, ना लॉर्ड्समधली जागा. त्यांनी डेव्हिड कोल्टार्ट नावाच्या वकिलाला शोध घ्यायला सांगितलं. त्याने मुलांचे, पालकांचे जबाब गोळा केले आणि १९९३ साली अहवाल लिहून तो लोकांपर्यंत पोहोचवला. इंग्लंडमध्ये दहा-अकरा वर्षांपूर्वी लिहिलेला अहवाल कपाटात होता. बुलावायोचा माणसांच्या हातात गेला. मी जबाबदारी म्हणते ती ही. कळणं आणि हलणं यांच्यामध्ये त्यांनी फार काळ जाऊ दिला नाही, आणि आपलं काम वरच्याच्या गळ्यात बांधलं नाही. घरभेटीला साक्षीदार ठेवला तर मंडळी मोडते, असं त्यांना वाटलं नाही.

भाविक : पण स्माइथ त्यानेही थांबला नाही. खटला कोसळला, तो दक्षिण आफ्रिकेला गेला, तिथल्या मंडळीत बसू लागला.

साशंक : नाही थांबला. हे मलाही छळतं. बरोबर वागणाऱ्यांच्या हाती यश आलं नाही, आणि वेल्बींनी २०१३ मध्ये सगळं बरोबर केलं असतं तरी एक सत्तरी ओलांडलेला म्हातारा कदाचित काही महिने कोठडीत राहिला असता, इतकंच. तरी ज्यांना मार बसला त्यांना त्याच्या हयातीत कोणी तरी म्हणालं असतं की तुमचं खरं आहे. पाच वर्षं होती तेवढ्यासाठी.

भाविक : पुढे काय व्हावं ते बोलू. ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मुलाली यांचं नाव कँटरबरीसाठी जाहीर झालं. त्या पदावर येणारी पहिली स्त्री, आणि त्याआधी इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी. रुग्णालयात चूक झाली तर तिची नोंद करावी लागते, ती कोणाच्या सद्भावनेवर सोडत नाहीत, हे त्या जाणतात. मला आशा वाटते.

साशंक : आशा मलाही आहे. पण व्यवस्था बघा. २००३ च्या धर्मसेवक शिस्त कायद्याप्रमाणे कँटरबरीच्या आर्चबिशपांविरुद्धची तक्रार यॉर्कच्या आर्चबिशपांकडे जाते आणि यॉर्कच्यांविरुद्धची कँटरबरीकडे. डिसेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणावरून यॉर्कच्या आर्चबिशपांचाही राजीनामा मागितला गेला होता. त्या दोघांच्या वर कोण?

भाविक : देव, असं मी मनापासून म्हणतो. ज्यांना शिकवण्याचा अधिकार मिळाला त्यांचा न्याय अधिक कडक होणार, असं याकोबाने पत्रात बजावलं आहे, आणि ते माझ्या वडिलांना झोपू देत नसे. तुम्हाला ते पुरेसं वाटणार नाही हे कळतं. तर मग सांगा, देव आणि आर्चबिशप यांच्यामध्ये कोणाला बसवायचं? बाहेरची स्वतंत्र संस्था समजा संसदेने नेमली. तोच नियम आपल्याकडे आणा. सरकारने नेमलेला अधिकारी आपला बिशप पदावर राहील की जाईल हे ठरवेल. चालेल तुम्हाला?

साशंक : इथे? नाही चालणार. या देशात आपण मूठभर आहोत. तो अधिकारी उद्या कोणत्या हेतूने आपल्या चर्चच्या फाइली उघडेल याची मला धास्ती वाटते.

भाविक : मग इंग्लंडमध्ये जे योग्य, ते इथे धोक्याचं कसं?

साशंक : याचं उत्तर माझ्याजवळ तयार नाही. गुन्ह्यापुरतं उत्तर आहे. पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही जो पोलिसांना कळवत नाही त्याला शिक्षा आहे, आणि संस्थाप्रमुखाला ती जास्त आहे. तिथे बिशप, पाळक, मी, तुम्ही, कोणालाही वरच्याला कळवलं म्हणून सुटका नाही. पण असा पाळक घ्या ज्याच्यावर गुन्हा शाबीत होत नाही, आणि तरी ज्याने पाळक राहू नये हे दहा घरांना पक्कं माहीत आहे. बिशप त्याची बदली दुसऱ्या गावी करतो, तिथली दहा घरं अनभिज्ञ असतात. सरकार नको, बिशप पुरेसा नाही. त्या पाळकाचा निर्णय कोणी करायचा?

भाविक : मंडळीने. पास्टरेट कमिटी आहे, सभा आहे, तिथे उभं राहून बोलायचं.

साशंक : पहिलं कोण उभं राहील? ज्या मुलीला बोलायचं आहे तिची आई त्या कमिटीवर नाही. तिचा बाप चर्चच्या आवारातल्या खोलीत राहतो. आणि रविवारी ती तिघंही त्याच पाळकाच्या हातून प्रभुभोजन घेतात.

भाविक : मग माझ्यासारख्याने उभं राहायला हवं. पाळकाच्या मुलाने.

साशंक : राहाल?